आमच्या न्हाणीतला झाडबेडूक



बेडूक म्हटले की आपल्याला गंगेच्या काठावरचा, पावसाळ्यात डरांव डरांव करणारा मोठा पिवळा बेडूक आठवतो. पण आपल्या घरात एक दुसराच बेडूक राहतो. तो पाण्यात नाही, भिंतीवर राहतो. रांजणाच्या मागे, न्हाणीच्या कोनाड्यात, बादलीच्या कडीखाली, कधी कधी अडकवलेल्या टॉवेलच्या घडीत. सकाळी अंघोळीला जावं आणि टॉवेल उचलताच गार गार काहीतरी हातावर पडावं, असं ज्यांच्या घरी झालं असेल त्यांना हा पाहुणा माहीतच आहे. ह्याला झाडबेडूक म्हणतात. तो मी बारा दिवस पाळला होता. तो कसा पाळावा, आणि कसा पाळू नये, हे दोन्ही मला आता माहीत झाले आहे. कसा पाळू नये ते मी आधी शिकलो.

प्रथम त्याची ओळख सांगतो. अंगठ्यापेक्षा थोडा मोठा तो नर. मादी त्याच्या दीडपट, म्हणजे सात-आठ सेंटिमीटर. कातडी गुळगुळीत, भेकासारखी खरबरीत नाही. रंग मातकट, पण एकच रंग धरून बसत नाही. दिवसा चुन्याच्या भिंतीवर बसला की फिकट, जवळजवळ पांढुरका दिसतो आणि रात्री बाहेर निघाला की तपकिरी होतो. डोळ्याच्या मागून खांद्यापर्यंत एक काळसर पट्टा असतो. खरी खूण मात्र झाकलेली असते. त्याने मागचा पाय लांब केला की मांडीच्या मागच्या बाजूला काळपट रंगावर पिवळे गोल ठिपके दिसतात. माझी आजी त्याला "चोळीचं कापड" म्हणते.

इंग्रजीत ह्याला चुनाम ट्री फ्रॉग असेही म्हणतात. चुनाम म्हणजे आपला चुनाच. चुन्याने गिलावा केलेल्या गुळगुळीत भिंतीवरसुद्धा हा चढतो म्हणून ते नाव. शास्त्रीय नाव पॉलिपेडेटिस मॅक्युलेटस. मॅक्युलेटस म्हणजे ठिपकेवाला. जॉन एडवर्ड ग्रे नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने १८३० साली हे नाव दिले. भारत, श्रीलंका, नेपाळ, बांगलादेश इतक्या ठिकाणी तो सापडतो. आपल्याला वाटतं की तो आपल्याच न्हाणीतला आहे.

आता तो भिंतीवर कसा टिकतो? त्याच्या प्रत्येक बोटाच्या टोकाला एक चपटी गोल गादी असते. आमच्या गुरुजींनी भिंग दिले होते, त्यातून गादी नीट दिसते. पण तिच्यावरच्या पेशी भिंगातून दिसत नाहीत, त्यांना सूक्ष्मदर्शक लागतो. त्या पेशी षटकोनी असतात, मधमाशीच्या पोळ्यासारख्या. पेशींच्या मधल्या बारीक फटींमध्ये पातळ चिकट ओल भरलेली असते. ओली काच दुसऱ्या काचेवर ठेवली की ती सहजी सुटत नाही, तसेच हे आहे. गादी धुळीने माखली तर पकड जाते, मग तो पाऊल टेकवत टेकवत ती साफ करतो. पाल निराळ्या युक्तीने चिकटते, तिचे पाय कोरडे असतात.

आता माझी चूक सांगतो. गुरुजी म्हणाले, लिहायचे तर सगळे लिही.

मागच्या वर्षी मृग कोरडा गेला. आर्द्रा लागल्या तरी ढग नुसते यायचे आणि जायचे. आमच्या गल्लीतल्या पोरांनी धोंडी काढायची ठरवली. धोंडी म्हणजे पालकांना सांगायला नको. एकाच्या अंगाला लिंबाचा पाला बांधायचा, मुसळाला पाल्यात गुंडाळून एक बेडूक बांधायचा, दोघांनी मुसळ खांद्यावर घ्यायचं आणि पाणी मागत घरोघर फिरायचं. घरची बाई पाणी ओतते आणि पीठ-दाणे घालते. पाऊस नव्हता म्हणून बाहेर बेडूकच मिळेना. सगळे म्हणाले, कुठून आणावा? मी मोठ्या ऐटीत म्हणालो, आमच्या न्हाणीत आहे.

तो बेडूक आमच्याकडे दोन वर्षं होता. निदान आजी तरी म्हणते की तोच होता. संध्याकाळी दिवा लागला की न्हाणीच्या खिडकीत येऊन बसायचा आणि पाखरं खायचा. मी त्याला रांजणामागून काढला. धरल्याबरोबर त्याने हातावर पाणी सोडलं, मी हात झटकला आणि सगळे हसले. आम्ही त्याला सुतळीने बांधला. सकाळभर हिंडलो. पाणी पडत होतं तोवर तो ठीक होता. नंतर मारुतीच्या पारावर आम्ही जमलेल्या पिठाच्या भाकरी भाजायला बसलो आणि मुसळ भिंतीला टेकवून ठेवलं. उन्हात. कुणाच्याही ध्यानात आलं नाही. दुपारी सोडायला गेलो तर पाला वाळून कुरकुरीत झाला होता आणि आतला बेडूक पाल्यासारखाच.

पाऊस पुढच्या आठवड्यात आला. पोरं म्हणाली, पावली धोंडी. आजी काही बोलली नाही. संध्याकाळी दिवा लावला तेव्हा खिडकीकडे बघून एवढंच म्हणाली, "आज पाखरं लई झालीत."

मी गुरुजींना विचारलं की एका दुपारीत तो कसा मेला? आपण तर दिवसभर उन्हात खेळतो. त्यांनी जे सांगितले ते मी माझ्या शब्दांत लिहितो.

बेडूक तोंडाने पाणी पीत नाही. तो ओल्या जागी पोट टेकवून बसतो आणि पोटाच्या, मांडीच्या कातडीतून पाणी आत ओढून घेतो. श्वाससुद्धा तो फुप्फुसांबरोबर कातडीतून घेतो, त्यासाठी कातडी ओली लागते. ज्या कातडीतून पाणी आत येतं, तिच्यातूनच ते बाहेरही जातं. मग आपल्याकडे वैशाख-जेष्ठात उन्हाळा चाळिशीच्या वर जातो, तेव्हा हा जगतो कसा? त्याची पहिली युक्ती बसण्याची. हातपाय अंगाखाली घट्ट दुमडून, हनुवटी टेकून, गठडीसारखा बसतो, म्हणजे हवेला अंग कमी लागते. दुसरी युक्ती मला फार नवलाची वाटली. त्याच्या कातडीतून एक स्निग्ध द्रव सुटतो आणि तो पायांनी सगळ्या अंगाला चोळून घेतो, आपण थंडीत तेल चोळतो तसे. त्याने अंगातलं पाणी उडणे कमी होते. हार्वे लिलीव्हाइट नावाचे शास्त्रज्ञ आणि त्यांचे भारतातले सहकारी यांनी ह्याच आपल्या झाडबेडकावर अभ्यास करून १९९७ साली ते छापले. तिसरी युक्ती म्हणजे मूत्राशयात पाणी साठवणे. ती त्याची कळशी. गरज पडली की त्यातलं पाणी तो अंगात परत घेतो.

म्हणजे मी त्याला धरला आणि त्याने माझ्या हातावर जे सोडलं ते घाण नव्हती. त्याची कळशी मी तिथंच सांडली होती. वर सुतळीने बांधल्यामुळे त्याला हातपाय दुमडता आले नाहीत, अंग चोळता आले नाही. तिन्ही युक्त्या गेल्या.

ह्या वर्षी श्रावणात न्हाणीत दुसरा आला. लहान होता, नर असावा. मला तो जवळून बघायचा होता. गुरुजी म्हणाले, बघ, पण पाहुणा म्हणून ठेव. पंधरा दिवसांच्या आत जिथून घेतला तिथे सोडायचा. रानातला जीव आपण विकत घ्यायचा नाही, विकायचा नाही, लांबून आणायचा नाही. काही जातींच्या बेडकांना कायद्याचेही संरक्षण आहे. आणि एका गावचा बेडूक दुसऱ्या गावी नेऊन सोडला तर त्याच्याबरोबर रोगही जातो. बेडकांच्या कातडीला लागणारी एक बुरशी आहे. शास्त्रज्ञांना ती १९९० नंतर ओळखू आली. तिच्यामुळे ऑस्ट्रेलियात आणि अमेरिका खंडात बेडकांच्या कित्येक जाती नाहीशा झाल्या. म्हणून आपल्या न्हाणीतला बेडूक आपल्याच न्हाणीत परत गेला पाहिजे.

घर म्हणून मी किराणा दुकानातली बिस्किटांची मोठी बरणी आणली. पूर्वी मी असता तर झाकणाला खिळ्याने भोकं पाडली असती. पण भोकाच्या आतल्या बाजूला पत्र्याचे दात राहतात आणि उडी मारली की बेडकाचे नाक फुटते. म्हणून झाकण काढून टाकले आणि तोंडाला मच्छरदाणीचे जुने कापड दोऱ्याने बांधले. बरणी आडवी ठेवली. खाली धुतलेली ओली वाळू आणि नारळाचा काथ्या, आत पेरूची एक फांदी पानांसकट. झाडबेडकाला उंच जागा लागते, जमिनीवर ठेवला तर तो दिवसभर भिंतीशी झटत राहतो. पाण्यासाठी माठावरची मातीची वेळणी ठेवली. पाणी त्याच्या पोटाला लागेल इतकेच, बोटाच्या एका पेरापेक्षा कमी. खोल भांड्यातून बाहेर यायला जागा नसली तर झाडबेडूक दमून बुडूसुद्धा शकतो. बेडूक बुडतो ह्यावर माझा भाऊ अजून विश्वास ठेवत नाही.

पाणी कोणते घालायचे ह्याला फार महत्त्व आहे. नळाच्या पाण्यात जंतू मारायला क्लोरीन असते. ते आपल्यासाठी चांगले, पण जो कातडीने पाणी पितो त्याला जाचते. म्हणून पाणी उघड्या भांड्यात एक दिवस ठेवून मग वापरायचे, किंवा पावसाचे धरून ठेवायचे. वेळणीतले पाणी रोज बदलायचे, कारण तो त्यातच बसतो आणि त्यातच घाण करतो. साबण, फिनेल, डासांची अगरबत्ती ह्यातले काहीही बरणीजवळ नको. बरणी उन्हात तर नकोच नको. सकाळचे कोवळे ऊनसुद्धा काचेच्या आत तापते. मी ती रांजणाजवळ, अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवली.

खाण्याचा प्रश्न मोठा निघाला. पहिल्या दिवशी मी भाताची शितं ठेवली. दुसऱ्या दिवशी पोळीचा तुकडा, आईला न सांगता दुधात भिजवून. त्याने बघितलेही नाही. बेडकाला हललेलेच दिसते, पडलेली वस्तू त्याला खाणे वाटत नाही. तिसऱ्या दिवशी मला भीती वाटली की हाही मरतो. मग आजीने सांगितले तसे दिव्याखालची चार पाखरं धरून आत सोडली आणि दिवा मालवून बाजूला बसलो. थोड्या वेळाने "टप्" असा आवाज आला. परत टप्. बेडकाची जीभ आपल्यासारखी मागे नाही, पुढे जबड्याला जोडलेली असते, ती बाहेर फेकली जाते आणि किडा चिकटून आत येतो. गिळताना तो डोळे मिटतो. आपल्याला वाटते चव घेतो आहे. पण त्याचे डोळे खरोखर आत दबतात आणि घास घशात ढकलतात. डोळ्यांनी खाणे म्हणतात ते हे!

त्यानंतर मी एक दिवसाआड तीन-चार किडे देत गेलो. पाकोळ्या, लहान रातकिडे, पाऊस पडल्यावर निघणारी पंखाची वाळवी. किडा त्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा नको. काळे मुंगळे नकोत, ते उलट चावतात. आणि कापसाच्या, सोयाबीनच्या फवारलेल्या शेतातले किडे बिलकूल नकोत. ते विष किड्यातून बेडकात जाते. आमच्या शेजारच्या काकांनी विचारलं की रोज पोराला किडे धरायला लावण्यापेक्षा बेडूक न्हाणीतच ठेवला असता तर त्याने स्वतःच धरले असते की! हे बरोबर आहे. माझ्याजवळ त्याला उत्तर नव्हते, अजूनही नाही. पण बरणीत ठेवला नसता तर मला डोळ्यांचे कळले नसते.

हात लावण्याबद्दल. शक्यतो लावूच नये. लावावाच लागला तर हात आधी साध्या पाण्याने धुवून ओला करावा. कोरड्या हाताने त्याची ओल निघते, आणि घामाचे मीठ त्याच्या कातडीला झोंबते. नंतर मात्र आपले हात साबणाने धुवायचे आणि धुण्याआधी डोळ्यांना लावायचे नाहीत. त्याच्या अंगावरचा चिकट द्रव डोळ्यांत गेला तर चुरचुरते, आणि पोट बिघडवणारे जंतूही अंगावर असू शकतात. बेडकाला शिवल्याने चामखीळ येते हे मात्र खोटे. चामखीळ माणसामाणसांतल्या एका विषाणूने येते.

पालकांना दुसरीच काळजी असते, ती मला ठाऊक आहे. बेडूक आला की मागे साप येतो. दिवड आणि धामण बेडूक खातात हे खरे आहे. पण गुरुजी म्हणाले की घरात साप येतो तो बहुतेक उंदरांच्या मागे, आणि उंदीर येतात सांडलेल्या दाण्यांच्या मागे. तेव्हा कणगीजवळ झाडून घेतलेले बरे, न्हाणीतला बेडूक हाकलण्यापेक्षा. आमच्या आईला हे पूर्ण पटलेले नाही. तिने अट घातली की न्हाणीचा दिवा लावल्याशिवाय कुणी आत जायचे नाही. ती आम्ही पाळतो.

बेडूक किती किडे खातो ह्याची किंमत आपल्या देशाला एकदा कळलेली आहे. आपल्याकडून परदेशात खाण्यासाठी बेडकांच्या तंगड्या जात असत. शेतातले, तळ्यातले मोठे बेडूक लाखोंनी धरले जायचे. बेडूक कमी झाले आणि पिकांवरचे किडे व डास वाढतील अशी चिंता वाटू लागली. शेवटी १९८७ साली सरकारने ही निर्यात बंद केली. आपला झाडबेडूक त्या कामी येत नव्हता, एवढ्याशा तंगडीत काय निघणार? पण दिव्याखाली बसून तो तेच काम करतो, शेतातला मोठा भाऊ करतो ते.

नवव्या रात्री तो ओरडला. नराच्या घशाखाली एक पिशवी असते, ती फुगते. आवाज डरांव नाही. लाकडी पेटीवर नखाने भरभर टकटक करावे तसा. घरातल्या सगळ्यांची झोप मोडली. वडील म्हणाले, ह्याला काय पाहिजे? आजी म्हणाली, "त्याला बायको पाहिजे. सोडा त्याला." बाहेर पाऊस पडत होता. मी म्हणालो, अजून पंधरा दिवस झाले नाहीत. तीन रात्री तो तसाच ओरडला आणि किडे कमी खाऊ लागला. बाराव्या दिवशी संध्याकाळी मी बरणी न्हाणीत नेली, कापड सोडले आणि बाहेर थांबलो. तो अर्धा तास बरणीच्या तोंडाशी बसून राहिला. मग भिंतीवर गेला, तिथून खिडकीत, आणि खिडकीतून बाहेर.

आता शेवटची गोष्ट, ती आपल्या शाळेतली आहे. हौदाच्या आतल्या भिंतीवर, पाण्याच्या वर वीतभर, पांढऱ्या फेसाचा एक गोळा चिकटलेला आहे. सोमवारी चौथीतल्या मुलांना वाटले की कुणी साबणाचा फेस टाकला आणि ते खराट्याने काढायला निघाले होते. तो साबण नाही. ते झाडबेडकाचे घरटे आहे. मादी अंगातून एक द्रव सोडते आणि रवीने ताक घुसळावे तसा मागच्या पायांनी घुसळून त्याचा फेस करते. नर तिच्या पाठीवर असतो. त्या फेसात शेकडो अंडी असतात. फेस वरून सुकून पापुद्रा येतो, आत मात्र ओल राहते. त्यामुळे अंडी वाळत नाहीत आणि पाण्यातल्या माशांच्या तोंडीही पडत नाहीत. आठवड्याच्या आत फेस मऊ पडतो आणि भैकेर, म्हणजे शेपटीवाली पिलं, टपटप खाली पाण्यात पडतात. म्हणून मादी नेहमी पाण्याच्या बरोबर वरची जागा निवडते. दीड-दोन महिन्यांनी त्यांना पाय फुटून, शेपटी आटून ती बाहेर चढतात.

अडचण अशी की दर शनिवारी आपण कोरडा दिवस पाळतो आणि हौद रिकामा करतो. तो पाळलाच पाहिजे, नाहीतर डास होतात आणि डेंग्यू येतो. पिलं शुक्रवारी पडली तर शनिवारी नालीत जातील. तेव्हा गुरुजींच्या परवानगीने असे ठरले आहे की शुक्रवारी मधल्या सुट्टीत सातवीची मुले तो गोळा पत्र्याच्या पट्टीने भिंतीपासून अलगद सोडवतील आणि केळीच्या पानावर घेतील. व्हरांड्याच्या सावलीत जुने सिमेंटचे टोपले ठेवले आहे, त्यात पावसाचे पाणी आहे. टोपल्यावर काठ्या आडव्या टाकून त्यांवर ते पान ठेवू, म्हणजे पिलं थेट पाण्यात पडतील. डासांनी अंडी घालू नयेत म्हणून वरून मच्छरदाणीचे कापड बांधू, आणि पिलांना पाय फुटू लागले की आत चढायला तिरका दगड ठेवू. खाण्यासाठी शेवाळ आणि उकडलेल्या पालकाचे चिमूटभर तुकडे, उरलेले दुसऱ्या दिवशी काढून टाकायचे.

ज्यांना पाळी लावायची आहे त्यांनी माझ्याकडे नाव द्यावे. शुक्रवारपर्यंत हौदाच्या त्या बाजूला कुणी खराटा लावू नये, हात धुताना पाणी उडवले तरी चालेल.

— इयत्ता सातवीचा एक विद्यार्थी